रत्नागिरीतून आइस हॉकीकडे: बर्फ शेवटी येतो

आमच्याकडे बर्फ म्हटला की मिरकरवाडा बंदर. लादी, क्रशर, मासळीचे क्रेट आणि पहाटेचा आरडाओरडा. त्यामुळे माझ्या भाचीने आठवीत असताना "मला आइस हॉकी खेळायचीय" असं जाहीर केलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बर्फावर सुरमई घालतात गो, पोरीबाळी नाय."

मी स्वतः रेफ्रिजरेशनचा माणूस. आयटीआय करून बर्फाच्या कारखान्यात लागलो, मग आखातात गेलो आणि तिथे सहा वर्षं एका आइस रिंकच्या प्लांटवर काढली. काम कंप्रेसरचं, पण रात्री रिंक बंद झाल्यावर स्टाफला तासभर बर्फ मिळायचा. तिशीत, पडत-झडत शिकलो. परत आल्यापासून दर रविवारी मुलांना चाकांच्या स्केटवर हॉकी शिकवतो. मोबाइलवर एनएचएलचे (अमेरिका-कॅनडातली सगळ्यांत वरची आइस हॉकी लीग) व्हिडिओ बघून वेडी झालेली पोरं आणि त्यांच्यामागून काळजीने आलेले आईबाप मला नेहमी भेटतात. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा लिहून टाकतो.

कोकणातून हा खेळ धरायचा तर क्रम उलटा लागतो. लडाखचं पोर आधी गोठलेल्या तळ्यावर उभं राहतं. क्लब, किट, प्रशिक्षक त्याला नंतर भेटतात. आपण पाय, स्टिक, दम आणि कागद आधी तयार करायचे आणि बर्फ शेवटी गाठायचा. जे आधीच बर्फ शोधायला निघतात ते बहुतेक लेहची एक ट्रिप करतात, फोटो काढतात आणि परत येऊन क्रिकेट खेळतात.

"इथल्या उकाड्यात हे कसं जमायचं?" असं विचारणाऱ्यांना मी ऑस्टन मॅथ्यूजचं नाव सांगतो. हा अमेरिकेतल्या ॲरिझोनात वाढला. वाळवंट, आपल्यापेक्षा कडक ऊन. २०१६ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सगळ्यांत आधी त्याचीच निवड झाली. फ्लोरिडा पँथर्स हा संघ तर समुद्राजवळच्या, नारळाच्या झाडांच्या मुलखातला. २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ दोनदा एनएचएलचा विजेतेपदाचा स्टॅनले कप त्यांनी नेला. अर्थात त्या दोन्ही ठिकाणी कृत्रिम बर्फाच्या रिंक आहेत आणि रत्नागिरीत नाही, हा फरक मी झाकून ठेवत नाही. पण "गरम मुलखातल्या पोरांना हे जमत नाही" हे बोलणं तेवढं बाद करा.

खेळ कसला आहे, हे थोडक्यात

मैदानी हॉकीशी नाव सोडलं तर फार नातं नाही. बर्फावर एका संघाचे ६ जण असतात, गोलकीपर धरून. सामना २० मिनिटांच्या तीन भागांत. चेंडूऐवजी पक, म्हणजे कडक रबराची चकती: ३ इंच व्यासाची, १ इंच जाड, वजन १७० ग्रॅमच्या आत. ही चकती अंगावर बसली की काळंनिळं होतं, म्हणून तो सगळा चिलखतासारखा जामानिमा. खेळाडू फुटबॉलसारखे शेवटपर्यंत मैदानात राहत नाहीत. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, बाकावर यायचं, दुसरे आत. हे सामना चालू असतानाच होतं. या पाऊण मिनिटाला शिफ्ट म्हणतात. तो शब्द लक्षात ठेवा, पुढे दमाच्या बाबतीत लागेल.

पहिली पायरी: चाकं

इनलाइन स्केट घ्यायचे. एका ओळीत चार चाकं असलेले. दोन पुढे, दोन मागे अशा चार चाकांचे क्वाड स्केट शाळांमधून जास्त दिसतात, पण बर्फावरच्या पात्याशी जवळीक इनलाइनची. माप पायाला घट्ट हवं. "वाढत्या अंगाचा पोरगा आहे, दोन नंबर मोठे घेऊ" हा गणवेशाचा हिशेब इथे चालत नाही. बुटात घोटा हलला की तोल पायाकडून येत नाही, नशिबाकडून येतो.

मग खरी अडचण, जागेची. आपलं अंगण चिऱ्याचं, त्यावर चाकं जातच नाहीत. डांबरी रस्त्यावर खडी टोचते, शिवाय उतार आणि वळण सोडून कोकणात रस्ता कुठला? चांगला कोबा किंवा गुळगुळीत सिमेंट लागतं: शाळेचं बास्केटबॉल कोर्ट, एखादा बॅडमिंटन हॉल, बाजार समितीची रिकामी शेड. माझा सगळ्यांत मोठा शोध म्हणजे मंगल कार्यालय. पावसाळ्यात बाहेर खेळणं बंद आणि नेमकी चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून कार्यालयं ओस. सकाळी सहा ते आठ या वेळेत मालक वीजबिलावर देतात. अट एकच असते, फरशीवर काळे ओरखडे उठता कामा नयेत. त्यासाठी आतल्या वापराची मऊ चाकं येतात ती लावायची. ती फरशी धरूनही ठेवतात. तुळशीचं लग्न लागलं की आपला मुक्काम हलतो, तोपर्यंत पाऊसही गेलेला असतो.

पहिले तीन महिने स्टिक हातात देऊ नका. पोरं रडतात, भांडतात, तरी देऊ नका. गुडघे वाकवून बसकी ठेव ठेवणं, एका पायावर सरकणं, उलटं जाणं, पायावर पाय टाकत वळणं, या चारच गोष्टी. त्यात सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे डावीकडचं वळण उजवीकडच्याइतकंच चांगलं असणं. प्रत्येक मुलाची एक बाजू आवडती असते आणि आवडत्या बाजूला वळायचा सराव ते स्वतःहून करतं. नावडत्या बाजूला दुप्पट फेऱ्या द्या. भाचीला मी पूर्ण एक श्रावण फक्त उजवीकडे वळायला लावलं होतं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

वय? सहा-सात वर्षांपासून सुरुवात उत्तम, दहा-अकरापर्यंत ठीक. पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू करून छान खेळता येतं, आनंदही मिळतो, पण त्यावर पोट भरायचा विचार करू नये. हे मुलाच्या तोंडावर सांगावं लागतं आणि मी सांगतो.

दुसरी पायरी: स्टिक

उंची मोजायची रीत सोपी. अनवाणी उभं राहून स्टिक समोर उभी धरली की टोक नाकापर्यंत यावं; स्केट घातल्यावर तेच हनुवटीशी येतं. लांब वाटली तर वरून कापायची. स्टिकवर फ्लेक्सचा आकडा असतो, म्हणजे ती किती वाकते ते. ढोबळ हिशेब असा की मुलाचं वजन पौंडांत काढायचं आणि निम्मं करायचं. ६० किलोचा मुलगा म्हणजे १३२ पौंड, त्याला ६५ च्या आसपासची. जास्त कडक स्टिक घेऊन दिली तर पोरगं फटका मारतं, पण स्टिक वाकत नाही आणि पक रडत-रखडत जातो.

घरच्या सरावाला पैसे लागत नाहीत. पडवीत गुळगुळीत प्लायवूड नाहीतर जुन्या टेबलाचं सनमायका टाका, गोल्फचा चेंडू घ्या आणि मान वर ठेवून स्टिकने इकडून तिकडे खेळवा. मान वर, हे महत्त्वाचं. मी समोर उभा राहून बोटं दाखवतो, मुलं चेंडू न बघता किती बोटं ते सांगतात. आधी पाच मिनिटं जमलं तरी खूप. फटक्यांचा सराव मात्र पडवीत नको. एकदा सुटलेला पक शेजाऱ्यांच्या उकड्या तांदळाच्या पिंपात गेला आणि आमचा सराव त्या घराच्या दिशेने कायमचा बंद झाला.

तिसरी पायरी: पंचेचाळीस सेकंद

शिफ्ट आठवते ना? मग लांब पल्ल्याचं धावणं इथे दुय्यम. पाऊण मिनिट पूर्ण जोर, दीड-दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा जोर. यासाठी आपल्याकडे जगातली सर्वोत्तम व्यायामशाळा फुकट आहे, ती म्हणजे पाखाडी, चढावरची दगडी पायऱ्यांची वाट. घराखालच्या पाखाडीवर पंचेचाळीस सेकंद वर, चालत खाली, असं आठ वेळा. भाट्याच्या पुळणीवर ओल्या वाळूत आडव्या उड्या घ्या, मांड्या आणि कंबर तयार होते.

जे कबड्डी खेळतात ते या खेळात लवकर रुळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बसकी ठेव, कमरेतून धक्का देणं, साखळीत साथीदाराचा अंदाज घेणं, हे सगळं त्यांना आधीच येतं. धक्क्याचा खेळ लहानपणी नको, तेवढं सांभाळा. कॅनडा-अमेरिकेतही १३ वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांत अंगावर धडक मारायला बंदी आहे.

चौथी पायरी: कागद

कंटाळवाणं आहे, पण इथे चुकलेले लोक मी जास्त पाहिले.

पहिली गोष्ट, संघटना कुठली ते नीट बघा. आपल्या देशात आइस हॉकीचा कारभार आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया पाहते. आंतरराष्ट्रीय महासंघाचं सदस्यत्व भारताकडे १९८९ पासून आहे. मैदानी हॉकीची संघटना वेगळी. चाकांवरच्या खेळांचा, म्हणजे स्पीड स्केटिंग, रोलर हॉकी, इनलाइन हॉकी यांचा महासंघ तिसराच. "हॉकी" एवढाच शब्द बघून भलत्या ठिकाणी फी भरून आलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पावती होती, उपयोग शून्य.

कोकणातल्या मुलाने आधी चाकांच्या बाजूने नोंदणी करावी: जिल्हा संघटना, मग जिल्हा निवड, मग राज्य. इनलाइन हॉकीत गोलकीपर सोडून चारच जण असतात, त्यामुळे प्रत्येकाला पक जास्त वेळा मिळतो आणि शिकायला तो खेळ उत्तम आहे. इथून बर्फाकडे जाणारी वाट नवी नाही. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा लेहमधला भाग आठवा. समुद्राच्या राज्यातली आपली पोरं तिथे आइस स्केटिंगमध्ये पदकं घेऊन आली.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्रं. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, सहभागाचं पत्र, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड एका फाइलमध्ये. पावसाळ्यात ही फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी लोखंडी कपाटात नको, गंज आणि बुरशी दोन्ही लागतात. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण, शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, या सगळ्याला नियम आहेत: कुठला खेळ, कुठल्या पातळीची स्पर्धा, कुणाची मान्यता. हे नियम बदलतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीवर विसंबू नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चालू शासन निर्णयाची प्रत मागा. स्पर्धेला जायच्या आधी मागा, आल्यावर नको.

तिसरी, पासपोर्ट. दहा-बारा वर्षांच्या वयातच काढून ठेवा. का, ते पुढे येतंच आहे.

पाचवी पायरी: बर्फ

आता कुठे बर्फ. वाटा तीन.

लेह. भारतीय आइस हॉकीचं हे घर. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम. लष्कर, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) आणि गावोगावचे क्लब, सगळे तेव्हाच खेळतात. शहरातलं एनडीएस स्टेडियम हे मुख्य ठिकाण. हिवाळ्यात मनाली-लेह रस्ता बंद असतो, त्यामुळे दिल्लीहून विमान हा सोपा मार्ग. रत्नागिरीहून मंगला किंवा राजधानीने निजामुद्दीन, तिथून विमानतळ. आता नीट ऐका. आपण समुद्रसपाटीची माणसं. लेह साधारण ३,५०० मीटरवर. विमानातून उतरल्यावर पहिले ४८ तास मुलाने काहीही करायचं नाही. झोपायचं, गरम पाणी प्यायचं, हळू चालायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप येत नाही, तर लपवू नका. वाढलं तर सरळ इस्पितळ. जायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी या आजाराबद्दल बोलून घ्या. माझ्या ओळखीचा एक मुलगा उतरला त्याच दुपारी "काका, फक्त दहा मिनिटं" म्हणून बर्फावर गेला आणि पुढचे तीन दिवस ऑक्सिजनच्या नळीशेजारी बसला. शिबिराची फी भरलेली होती पाच दिवसांची.

देहरादून. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे मोठी बंदिस्त रिंक बांधली. मग वर्षानुवर्षं ती बंद पडली होती. २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्या ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग स्पर्धाही झाली. लेहची उंची नाही, हिवाळ्याची वाट बघायला नको. जायच्या आधी रिंक चालू आहे का आणि बाहेरच्या मुलांना वेळ मिळतो का, हे फोन करून विचारा. प्लांटवर काम केलेला माणूस म्हणून सांगतो, रिंक बांधणं सोपं, चालवणं महाग. विजेचं बिल पहिल्यांदा माणसाला थंड करतं, नंतर बर्फ.

तिसरी वाट आपल्या दारातच आहे आणि कुणाला सुचत नाही. कोकणात आखातात माणूस नसलेलं घर दाखवा! दुबई, अबू धाबी, अल ऐन, कुवेत, सगळीकडे खऱ्या बर्फाच्या रिंक आहेत, बाराही महिने. दुबई मॉलमधली आणि अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीतली तर ऑलिंपिक मापाची. मुलाला मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे पाठवताच ना, मग मॉल हिंडण्यात चार आठवडे घालवण्यापेक्षा तिथल्या ज्युनियर क्लबचे सराव लावा. भारताच्या महिला संघाने २०२५ च्या आशिया कपचं कांस्यपदक याच अल ऐनमध्ये जिंकलं. २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला, बहुतांश लडाखी मुलींचा हा संघ. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून त्यांचा पहिला विजय झाला होता. मुलींच्या आईबापांना मी हे मुद्दाम सांगतो: देशाच्या संघापर्यंतचं अंतर मुलींसाठी आज मुलांपेक्षा थोडं कमी आहे.

बर्फावर पहिल्या दिवशी काय होतं? चाकांवर तयार झालेलं मूल सरकायला लगेच लागतं आणि थांबायचं मात्र विसरतं. चाकांवर मागचा पाय घासत थांबायची सवय असते. बर्फावर दोन्ही पाय आडवे टाकून, पात्याच्या कडेने बर्फ खरवडत थांबायचं. यामागचं कारण भाचीला समजावायला मी तिला कारखान्यात नेलं. चार लाद्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, पाण्याने सांधे भरले. आखातातून आणलेले सेकंडहँड आइस स्केट घालून तिला वर उभं केलं, हाताला धरून. "नुसती उभी राहा आणि उतर." उतरल्यावर बॅटरी मारून दाखवलं: प्रत्येक पायाखाली दोन बारीक समांतर रेघा. पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. मधोमध खोलगट पन्हळ आणि दोन बाजूंना दोन कडा. आतल्या कडेवर झुकलीस तर एकीकडे वळशील, बाहेरच्या कडेवर तर दुसरीकडे, दोन्ही कडा सारख्या टेकल्या तर सरळ. सगळं स्केटिंग म्हणजे या दोन रेघांतली कुठली कधी खोल करायची, एवढंच. तोपर्यंत लाद्या घ्यायला आलेला खलाशी म्हणाला, "झाला काय नाच? बोट थांबलीय."

किट, आणि आपला दमट वारा

हेल्मेट जाळीसकट, दातांचं संरक्षक, खांदे, कोपर, हातमोजे, जाड पँट, नडगीचे गार्ड, मुलांना जांघेचं कप-गार्ड, आणि मानेचं गार्ड. मानेचं विसरू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये ॲडम जॉन्सन या खेळाडूचा पात्याने मान कापून सामन्यातच मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सगळ्या स्पर्धांत ते सक्तीचं केलं. बाकी सामान सेकंडहँड चालेल, आखातातली मोठी होणारी पोरं दरवर्षी विकतात. हेल्मेट मात्र नवीनच.

गोलकीपरचं किट इतरांच्या कितीतरी पट महाग. म्हणूनच गोलकीपर कमी असतात, आणि म्हणूनच संघात जागा पटकन मिळते. परवडत असेल तर विचार करण्यासारखं आहे.

आता गंज. आपल्या खाऱ्या वाऱ्यात आइस स्केटचं पातं दोन दिवसांत तांबूस पडतं. वापर झाला की फडक्याने कोरडं करा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, आणि पात्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवा; कव्हरच्या आत पाणी साचतं. इनलाइनचे बेअरिंगही तसेच. आठ चाकांत सोळा बेअरिंग. पावसात एकदा भिजले की घरघर सुरू. घाबरून ऑनलाइन महाग संच मागवू नका. ते ६०८ नंबरचे साधे बेअरिंग असतात, एमआयडीसीजवळच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. घामेजलेलं किट बॅगेत कोंडून ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी सुकटीच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटेल. पंख्याखाली पसरा.

सहावी पायरी: पोटापाण्याचं

आता "व्यावसायिक खेळाडू" या शब्दाकडे येऊ.

वरची पातळी एनएचएल. ३२ संघ, अमेरिका आणि कॅनडातले. दरवर्षी ७ फेऱ्यांचा ड्राफ्ट, म्हणजे संपूर्ण जगातून सव्वादोनशेच्या आत मुलं, अठराव्या वर्षापासून. २०२५-२६ च्या हंगामात किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर. हा आकडा ऐकला की बाप लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून लगेच पुढचं सांगतो. निवड झालेल्यांतलेही कितीतरी जण तिथे एकही सामना खेळत नाहीत. त्याखाली एएचएल, त्याखाली ईसीएचएल, या दुय्यम व्यावसायिक लीग. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याच्या हिशेबाने, राहायची सोय संघाची, आणि रात्ररात्र बसचा प्रवास. आठवड्याचा पगार म्हटल्यावर आपल्या खलाशांची आठवण येते, आणि ती तुलना फार चुकीची नाही. युरोपात स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, चेकिया इथल्या लीग भक्कम आहेत. बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असते आणि त्या जागा कॅनेडियन, अमेरिकन मुलं भरतात.

भारतीय वंशाचे खेळाडू वर पोचलेत का? हो. रॉबिन बावा १९८९-९० मध्ये एनएचएलमध्ये खेळणारा पहिला. मॅनी मल्होत्राची १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवड झाली. मला आवडते ती अर्शदीप बैन्सची गोष्ट: ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, तरी ज्युनियर लीगमध्ये २०२१-२२ च्या हंगामात सर्वाधिक गुण केले, व्हँकुव्हरच्या एनएचएल संघाने करार केला, २०२४ मध्ये तो वर खेळला. पण हे तिघेही कॅनडात वाढले, लहानपणापासून बर्फावर. भारतात वाढलेला एकही खेळाडू आजवर तिथे पोचलेला नाही. हे माहीत असूनही खेळायचं असेल तर खेळा. माहीत नसताना घर गहाण टाकू नका.

कारण त्या अज्ञानावर जगणारी माणसं आहेत. शेजारच्या तालुक्यातल्या एका कुटुंबाने "युरोपात ट्रायल, करार नक्की" असं सांगणाऱ्या एजंटाला आंब्याच्या हंगामाचे सगळे पैसे दिले. मुलाला तिथे मिळालं काय? दहा दिवसांचं पैसे भरून कुणालाही मिळणारं शिबिर आणि एक टी-शर्ट. खरा क्लब खेळाडूकडून पैसे घेऊन करार देत नाही. आधी सामन्यांचे व्हिडिओ मागतो. कुणी व्हिडिओ न मागता पैसे मागितले की तिथेच उठा.

मग कोकणातल्या मुलाला खरोखर काय साधता येईल? माझ्या मते, इनलाइनमध्ये राज्य आणि राष्ट्रीय पातळी. मग बर्फावर राज्याच्या संघात जागा, राष्ट्रीय स्पर्धा, फार चांगला असेल तर भारताची जर्सी. देशात आइस हॉकीवर वर्षभर पगार देणारी व्यावसायिक लीग आज नाही. लडाखमध्ये २०२४ पासून रॉयल एनफिल्डच्या नावाची लीग सुरू झाली, हंगामापुरती. चांगली सुरुवात आहे. ज्यांना खेळामुळे कायमची नोकरी आहे ते बहुतेक गणवेशातले आहेत, लष्कर आणि आयटीबीपीतले. म्हणून शाळा सोडायची नाही. बारावीपर्यंत सराव सकाळचा, अभ्यास संध्याकाळचा, आणि परीक्षेच्या महिन्यात स्केट माळ्यावर. भाची सध्या बारावीला आहे. तिचे स्केट माझ्या घरी कुलपात आहेत, किल्ली तिच्या आजीकडे.

त्याच बर्फावरची दुसरी भाकरी

यावर कुणी बोलत नाही, आणि माझं तर पोट यावरच भरलं. एका रिंकवर खेळाडूंशिवाय किती माणसं लागतात बघा: पंच, लाइन्समन, पात्यांना धार लावणारा, किट सांभाळणारा, नवशिक्यांचा प्रशिक्षक, बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी चालवणारा, आणि खाली प्लांटरूममध्ये आम्ही. धार लावणं हे तर स्वतंत्र कसब आहे. त्या पन्हळीची खोली खेळाडूच्या वजनाप्रमाणे आणि आवडीप्रमाणे बदलते, आणि चांगल्या धारवाल्याला खेळाडू नावाने ओळखतात.

प्लांटचं तत्त्व आपल्या बर्फाच्या कारखान्याचंच. तिथेही बऱ्याच ठिकाणी अमोनिया, कंप्रेसर, कंडेन्सर आणि खारं पाणी. आपण त्या खाऱ्या पाण्यात डबे बुडवून लादी काढतो. रिंकमध्ये ते पाणी कोब्याखालच्या नळ्यांतून फिरतं आणि वर इंच-दीड इंचाचा बर्फ धरून ठेवतं. तो एकदम ओतत नाहीत. पातळ थर, गोठला की पुढचा थर, मध्ये पांढरा रंग, रेघा, पुन्हा थर. झांबोनीत तर गरम पाणी घालतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं फोरमन चेष्टा करतोय. गरम पाणी वरचा खरवडलेला थर किंचित वितळवून त्यात मुरतं, म्हणून गोठल्यावर काचेसारखं बसतं.

ज्या मुलाला स्केटिंग येतं आणि रेफ्रिजरेशनचा आयटीआय झालाय, तो अर्ज करताना इतरांच्या पुढे असतो. मला स्वतःला नोकरी मिळाली तेव्हा स्केटिंग येत नव्हतं, पण अमोनियाचा वास कुठून येतोय हे अंधारात ओळखता येत होतं. मिरकरवाड्याची देणगी.

रविवारी येणार असाल तर सकाळी पावणेसहाला या. पहिल्या दिवशी पायमोजे जाड, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नखं कापलेली. स्केट नसले तरी चालतील, माझ्याकडे तीन जोड आहेत: चार, सहा आणि आठ नंबर. पाच आणि सात नंबरवाल्यांनी मोज्यांचा काय तो विचार करावा.